मुरलेली तार

तप्त तारेच्या पद्धतीनं वाढवलेल्या कार्बन नॅनोट्यूबवरचा शोधनिबंध उघडा. ‘प्रयोगपद्धती’ या मथळ्याखाली तारेच्या वाट्याला बहुतेकदा अर्धं वाक्य आलेलं असतं: टंगस्टनची तार, तापमान २००० अंश सेल्सिअस. त्यानंतर पानंच्या पानं नळ्यांविषयी. त्या किती जाड, किती लांब, भिंती एक की अनेक, उभ्या वाढल्या की एकमेकींत गुंतल्या. तारेचं नाव पुन्हा निघत नाही. प्रयोग सुरू करताना ती जशी होती तशीच संपतानाही होती, असं वाचणाऱ्यानं धरून चालायचं. ती तशी नसते, हे या कामात थोडा काळ घालवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चहाच्या टेबलावर त्याबद्दल तासभर बोलणारी माणसं लिहायला बसली की मात्र गप्प होतात.

पद्धत सांगायला सोपी आहे. एका बंद चेंबरमधली हवा पंपानं ओढून घ्यायची आणि आत हायड्रोजन व त्याच्या जोडीला थोडा मिथेन किंवा अॅसिटिलीन सोडायचा. मध्यभागी टंगस्टनची तार ताणून बसवलेली असते. तिच्याखाली सेंटिमीटरभर अंतरावर सिलिकॉनची चकती, आणि चकतीवर लोखंडाचा किंवा निकेलचा अतिशय पातळ थर. तापला की हा थर फुटतो आणि त्याचे काही नॅनोमीटरचे कण होतात. तारेतून वीज सोडली की ती पांढरीशुभ्र तापते आणि तिच्यावर आदळणारे वायूचे रेणू मोडतात. मोडलेले तुकडे खाली येऊन लोखंडाच्या कणांवर बसतात, त्यांच्यातला कार्बन कणात मुरतो, आणि कणाला आणखी झेपेनासा झाला की एका बाजूनं नळी होऊन बाहेर निघू लागतो. चकतीवर सहाशे ते आठशे अंश, आणि तिच्यापासून सेंटिमीटरभर वर दोन हजार. या पद्धतीची सगळी गंमत त्या सेंटिमीटरभर अंतरात आहे.

नळ्या वाढवायला तार लागतेच असं मुळीच नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक महेश्वर शरॉन यांच्या गटानं साध्या नळीभट्टीत आपला देव्हाऱ्यातला कापूर जाळून, म्हणजे खरं तर हवेशिवाय तापवून, नॅनोट्यूब काढल्या. त्या कामाबद्दल मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे. तारेकडे लोक वळतात ते दोन कारणांनी. वायू मोडण्याचं काम तार करत असल्यामुळे चकती तितकी तापवावी लागत नाही. आणि तापलेल्या टंगस्टनवर हायड्रोजनचा रेणू दुभंगून सुटे अणू मिळतात. हे सुटे अणू चकतीवर साचणारी निरुपयोगी काजळी खाऊन टाकतात.

नवी टंगस्टनची तार हातात घेतली की आधी जाणवतं तिचं वजन. तिची घनता जवळजवळ सोन्याएवढी. रंग काळपट, कारण ती ओढताना लावलेलं ग्रॅफाइटचं वंगण अंगावर तसंच असतं. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळलं की ते निघून जातं आणि खालचा राखाडी चकचकीत धातू दिसतो. बारीक बारीक साच्यांतून ओढत आणल्यामुळे तिच्या आतले स्फटिक लांबच लांब तंतू होऊन बसलेले असतात, म्हणून ती वाळलेल्या बांबूसारखी वागते: आडवी मोडायला अवघड, पण वाकवताना घाई केली की उभी चिरते. तिची गुंडाळी करायची ती ज्योतीवर किंचित ऊब देऊन, जाड स्क्रूच्या आट्यांवर, एकेक वेढा बसवत.

आमच्या प्रयोगशाळेत हे काम मामांकडे असे. पुण्यातल्या कॉलेजांत आणि प्रयोगशाळांत परिचरांना मामाच म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी यंत्रं मामांच्याच जिवावर चालतात. नवी तार बसवून झाली की ते बजावत, “मॅडम, आज सॅम्पल ठेवू नका हं. आधी मुरू द्या तिला.” तार मुरवणं म्हणजे चकती न ठेवता नुसत्या तारेला काही तास मिथेनमध्ये तापवणं. याला पाठ्यपुस्तकात भारदस्त नाव आहे. आम्ही सगळे मात्र मुरवणंच म्हणत असू.

मुरवताना तारेचं काय होतं ते खिडकीतून दिसतं. वेल्डरची काळी काच डोळ्यापुढे धरायची आणि व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट हळूहळू वर न्यायचा. मंद लाल, नारिंगी, पिवळी, मग पांढरी. दहा सेंटिमीटरची तार दोन हजार अंशांपर्यंत साधारण एक मिलिमीटर वाढते. ती वाढ ओढून घ्यायला एका टोकाला स्प्रिंग नसेल तर तार मधोमध खाली झोळ देते, आणि मग चकतीचा मधला भाग कडेपेक्षा जास्त तापतो. इथपर्यंत नुसतं तापणं झालं. तरीही तारेचा स्वभाव इथंच बदललेला असतो. ओढताना तयार झालेले ते लांब तंतू इतक्या उष्णतेत राहत नाहीत, त्यांच्या जागी मोठे, आडवेतिडवे स्फटिक तयार होतात. आता ती गार करून वाकवायला गेलं तर उभी चिरत नाही, सरळ तुटते.

खरा बदल होतो मिथेन सोडल्यावर. मिथेन तारेवर मोडतो, पण त्यातला सगळा कार्बन खाली जात नाही. काही भाग जिथं मोडला तिथंच आत शिरतो. तारेच्या पृष्ठभागावर आधी टंगस्टनच्या दोन अणूंमागे कार्बनचा एक अणू असलेलं कार्बाइड तयार होतं, मग बाहेरच्या बाजूनं एकास एक प्रमाणाचं. हा थर बाहेरून आत, गाभ्याकडे सरकत राहतो. टंगस्टनची घनता दर घन सेंटिमीटरला १९ ग्रॅमच्या वर, आणि त्या एकास एक कार्बाइडची साडेपंधराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच टंगस्टनला आता सुमारे तीस टक्के जास्त जागा लागते. साल फुगते आणि गाभा होता तेवढाच राहतो. त्या ताणानं तारेच्या लांबीला धरून भेगा पडतात, भेगांतून वायू आणखी आत जातो, आणि आतला धातूही कार्बाइड होऊ लागतो.

हे सगळं होत असताना बाहेर बसलेल्या माणसाला दिसतो तो फक्त अॅमीटर. व्होल्टेज हलवलेलं नसताना आकडा हळूहळू खाली येतो, कारण कार्बाइडचा रोध धातूपेक्षा जास्त असतो. नवखा विद्यार्थी लगेच डिमरस्टॅटकडे हात नेतो. मामा त्याच्या मनगटावर हलकेच चापट मारत. आकडा एका ठिकाणी येऊन थांबला, बराच वेळ तिथंच राहिला, की तार मुरली. त्यानंतरच तिच्याखाली वाढलेली सॅम्पलं एकमेकांशी जुळतात. धातू म्हणून ती पार कामातून गेलेली असते, आणि प्रयोगाच्या कामाची ती तेव्हाच होते.

अशी तार गार झाली की तिला हात लावण्याची सोय उरत नाही. चिमटा लागला तरी टक् आवाज होऊन दोन तुकडे. तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर बाहेर गडद करडी कडा आणि मध्ये उजळ गाभा दिसतो. तार जास्त जुनी असेल तर गाभाच नसतो. कडेपासून कडेपर्यंत एकच कोरडा, दाणेदार पदार्थ, आणि केंद्राकडे निघालेल्या दोन-तीन चिरा. म्हणून मुरलेली तार शक्यतो चेंबरमधून काढायची नाही, आणि शक्यतो झटक्यानं बंदही करायची नाही. महाराष्ट्रात भारनियमनाचा काळ होता तेव्हा आम्हाला याचा वेगळाच त्रास व्हायचा. वीज गेली की तार दोन हजार अंशांवरून क्षणात खाली यायची. वीज परत आली तेव्हा तार पुष्कळदा दोन तुकड्यांत लोंबत असे, आणि मग नवी तार, नवं मुरवणं.

तापलेली तार आणि कार्बन यांचं हे प्रकरण विजेच्या दिव्याइतकं जुनं आहे. १८७९ नंतरच्या एडिसनच्या दिव्यांत तारच कार्बनची होती. पुढं काही वर्षं ती जपानमधल्या क्योटोजवळच्या बांबूच्या धाग्यांपासून केली जात असे. अशा धाग्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. बारीक जागा जास्त तापते आणि तिथंच तो तुटतो. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम सॉयर आणि अल्बन मॅन यांनी यावर जो उपाय काढला त्याच्या मी प्रेमात आहे. धागा हायड्रोकार्बनच्या वाफेत ठेवायचा आणि वीज सोडायची. जी जागा बारीक ती जास्त तापते, जास्त तापते म्हणून तिच्यावर जास्त वाफ मोडते, आणि तिथंच कार्बनचा जाड थर बसतो. थोड्याच वेळात सगळा धागा एकसारखा. वायूतून घन थर बसवण्याच्या आजच्या तंत्रांची ही युक्ती पूर्वज म्हणता येईल, आणि ती दुखण्यातूनच औषध काढते.

आमच्या टंगस्टनच्या तारेच्या नशिबी नेमकं उलट येतं. बारीक जागा जास्त तापते, तिथून टंगस्टन जास्त उडतो, ती आणखी बारीक होते, आणखी तापते. तारेवर एक जागा बाकीच्यांहून उजळ दिसू लागली की तिचे दिवस भरले म्हणून समजावं. कार्बन पुरवणारा वायू दोन्हीकडे तोच. एकीकडे तो भर घालतो, दुसरीकडे पोखरतो.

दिव्यांच्या त्याच धांदलीतली आणखी एक नोंद आहे. १८८९ मध्ये ह्यूज आणि चेंबर्स या दोघांनी अमेरिकेत एक पेटंट घेतलं. लोखंडी मुशीत हायड्रोजन आणि मिथेन तापवायचे म्हणजे आत केसासारखे कार्बनचे धागे उगवतात, आणि ते दिव्यात तार म्हणून वापरता येतील, असा त्यांचा दावा होता. लोखंड, हायड्रोजन, मिथेन, उष्णता: आज नॅनोट्यूबसाठी लागणारं सगळं सामान त्या मुशीत हजर होतं. त्या धाग्यांच्या गाभ्यात काय होतं ते पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता, तो यायला अजून चाळीसेक वर्षं होती. तार बनवण्यासाठी त्यांनी कार्बनचे केस उगवले. आम्ही कार्बनचे केस उगवण्यासाठी तार जाळतो.

दिव्यात टंगस्टन आलं १९०४ नंतर. त्या दिव्यांत काचेच्या आतून काळी झाक चढत असे. जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत १९०९ मध्ये दाखल झालेल्या अर्व्हिंग लँगम्युरनं ही काजळी म्हणजे तारेवरून उडालेलं टंगस्टन आहे हे दाखवलं. दिव्यात वायू भरून ते उडणं कमी करण्याची युक्तीही त्याचीच. पण त्यानं शोधलेली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे पाण्याची. दिव्यात पाण्याच्या वाफेचा जेमतेम मागमूस राहिला तरी काच झपाट्यानं काळवंडते. पाण्याचा रेणू तापल्या तारेवर येतो, त्याचा ऑक्सिजन टंगस्टनला चिकटतो आणि ऑक्साइड होऊन उडतो, हायड्रोजनचे सुटे अणू मोकळे होतात. ऑक्साइड काचेवर जाऊन बसतं. तिथं ते हायड्रोजनचे अणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात, टंगस्टन काचेवर काळं होऊन उरतं, आणि पाणी पुन्हा तयार होऊन तारेकडे परततं. पाणी खर्च होतच नाही. थेंबभर पाणी सगळी तार काचेवर नेऊन ठेवू शकतं. तापलेल्या टंगस्टनवर हायड्रोजनचा रेणू दुभंगतो हे त्यालाच दिव्यांचा अभ्यास करताना सापडलं होतं. पृष्ठभागांच्या रसायनासाठी १९३२ चं नोबेल त्याला मिळालं. आमच्या चेंबरमध्ये जे काही घडतं त्याची निम्मी समज या एका माणसाकडून आलेली आहे.

हे वाचल्यानंतर मी चेंबर हवाबंद ठेवणाऱ्या ओ-रिंगकडे आणि त्याच्या भिंतींकडेही वेगळ्या नजरेनं पाहू लागले. पावसाळ्यात चेंबर उघडून ठेवला की त्याच्या पोलादी भिंती दमट हवा धरतात, आणि पुढच्या रनमध्ये ती दमट हवा तारेवर येते. जुलै-ऑगस्टमध्ये आमची क्वार्ट्झची खिडकी लवकर काळी पडायची ती काही उगाच नाही. खिडकी काळी पडली की आणखी एक भानगड होते. तारेचं तापमान आपण खिडकीबाहेरून पायरोमीटरनं मोजतो. काच मळली की प्रकाश कमी पोचतो, पायरोमीटर तापमान कमी दाखवतो, माणूस वीज वाढवतो, तार आणखी तापते, टंगस्टन आणखी उडतो, काच आणखी मळते. शिवाय धातूची कांती जाऊन कार्बाइडची आली की त्याच तापमानाला तारेतून निघणारा प्रकाशही बदलतो. निबंधात मात्र २००० अंश म्हणजे २००० अंश.

कार्बाइड होणं ही काही सगळीकडे दुर्दैवाची गोष्ट नाही. भोसरीतल्या किंवा नाशिकच्या सातपूरमधल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा; लेथवर पोलाद सोलणारी टिप ही टंगस्टन कार्बाइडचीच असते. नुसतं कार्बाइड ठिसूळ, म्हणून त्याची पूड कोबाल्टमध्ये धरून ठेवतात. हा शोध १९२३ मध्ये बर्लिनला, ओसराम या दिवे बनवणाऱ्या कंपनीत, कार्ल श्र्योटरनं लावला. कशासाठी? दिव्याची टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे महागडे साचे लागत, त्यांना पर्याय म्हणून. तारेला जन्म देणारा साचा आणि तारेचा शेवट एकाच पदार्थाचे आहेत.

आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह असेल, तर तुमच्या घरीही एक मुरलेली तार आहे. त्यातल्या लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनची तार थोडं थोरियम घातलेल्या टंगस्टनची असते, आणि तिच्या अंगावर कारखान्यातच मुद्दाम कार्बाइडचा थर चढवलेला असतो, कारण त्यामुळे थोरियम पटकन उडून जात नाही. रेडिओच्या प्रक्षेपकांत वापरल्या जाणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हमध्येही हीच रीत. किती जाडीचा थर चढवायचा, त्यामुळे तार किती ठिसूळ होईल, याचे हिशेब त्या कारखान्यांनी व्यवस्थित मांडून ठेवले. त्यांना तार विकायची होती, तेव्हा तिचं आयुष्य त्यांच्या लेखी महत्त्वाचं होतं. आम्हाला नळ्या छापायच्या होत्या. दोन्ही ठिकाणी तार तीच, आणि नोंदी ठेवण्यात एवढा फरक.

नॅनोट्यूबच्या गोष्टीत जपानमधलं त्सुकुबा हे गाव पुन्हा पुन्हा येतं. तिथल्याच एका सरकारी संस्थेत १९८२ मध्ये मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापलेल्या टंगस्टनच्या तारेखाली मिथेन आणि हायड्रोजनमधून हिऱ्याचे कण वाढवले. तप्त तारेची आजची पद्धत तिथून रुळली. त्याच गावात एनईसीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इइजिमांनी १९९१ मध्ये नॅनोट्यूब पाहिल्या. त्या नळ्या तारेखाली उगवलेल्या नव्हत्या. ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटती ठेवली की एक कांडी झिजते आणि दुसरीवर राप चढतो, त्या रापात त्या होत्या. इथं कांडी झिजल्याची कुणाची तक्रार नसते, कारण कांडी हाच कच्चा माल आणि ती किती झिजली हे मोजलंच जातं. तारेचं झिजणं कुठल्याच खात्यात बसत नाही, म्हणून ते मोजायचं राहून जातं.

तिसरी गोष्ट २००४ ची, तीही त्सुकुबाचीच. नळ्या वाढता वाढता थांबतात, कारण लोखंडाच्या कणांवर काजळी चढते आणि ते निकामी होतात. केंजी हाता आणि सहकाऱ्यांनी भट्टीतल्या वायूत पाण्याची अगदी थोडी वाफ मिसळली. पाण्यानं कणांवरची काजळी साफ केली आणि दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचं नळ्यांचं रान उभं राहिलं. त्यांच्या भट्टीत तापलेली टंगस्टनची तार नव्हती, हे इथं लक्षात ठेवायला हवं. तार असती तर ज्या पाण्यानं कण जिवंत ठेवले त्याच पाण्यानं ती लँगम्युरच्या दिव्यासारखी भिंतीवर नेऊन लावली असती. एका चेंबरमध्ये दोन गोष्टी मरणाला टेकलेल्या असतात, खाली लोखंडाचे कण आणि वर तार, आणि एकीचं औषध दुसरीचं विष. या गुंत्यावर पुरेसं काम झालेलं नाही असं माझं मत आहे. नळ्या वाढल्या नाहीत तर आपण वायूचं प्रमाण बदलतो, लोखंडाच्या थराची जाडी बदलतो. वर पाहत नाही.

वर पाहावं लागतं, कारण उडालेलं टंगस्टन खालीच येतं. सॅम्पलमध्ये ते आहे का हे शोधण्याची नेहमीची रीत म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणं. इथं निसर्गानं एक खोडी करून ठेवली आहे. सिलिकॉनचं मुख्य शिखर १.७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येतं आणि टंगस्टनचं एक ठळक शिखर १.७७ ला. नेहमीच्या यंत्राला ती दोन वेगळी दिसत नाहीत. चकती सिलिकॉनची, म्हणजे तिथं उंच शिखर असणारच. त्याच्या पोटात टंगस्टन दडून बसतं, आणि अहवालात लिहिलं जातं की कार्बन, लोखंड आणि सिलिकॉनखेरीज काही आढळलं नाही. तारेऐवजी टँटलम घेतलं तरी सुटका नाही, त्याचं शिखर सिलिकॉनच्या दुसऱ्या कुशीत, १.७१ ला. टंगस्टन खरंच पाहायचं असेल तर ८.४ जवळचं त्याचं दुसरं शिखर बघावं लागतं. त्यासाठी इलेक्ट्रॉनांचा वेग वाढवावा लागतो आणि मुख्य म्हणजे आधी शंका यावी लागते. त्या यंत्रावर वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे थांबलेला विद्यार्थी आपल्या नळ्यांचे सुंदर फोटो काढून घेतो. टंगस्टन शोधत कोण बसतो?

पर्याय आहेत. टँटलमचं कार्बाइड टंगस्टनच्या कार्बाइडपेक्षाही जास्त उष्णता सोसतं, पण टँटलम गार होताना हायड्रोजन पिऊन ठिसूळ होतं. ऱ्हेनियम कार्बनशी असं कार्बाइड करतच नाही, त्याला फुगणं-भेगाळणं ठाऊक नाही. पण ते इतकं दुर्मीळ आणि महाग आहे की विद्यापीठाच्या खरेदी समितीपुढे ते नाव काढायला धाडस लागतं. शेवटी बहुतेक जण टंगस्टनवरच येतात, आणि त्यात काही वावगं नाही.

तार तुटते कुठं, यावरही बरंच शिकता येतं. आयआयटी मुंबईत आणि पुणे विद्यापीठात तप्त तारेनं सिलिकॉनचे पातळ थर बसवण्याचं काम झालं आहे. त्या पद्धतीत सिलेन वायू वापरतात आणि तारेवर कार्बाइडऐवजी सिलिसाइड होतं. ते तारेच्या सर्वांत तापलेल्या मध्यावर टिकत नाही, उडून जातं. दोन्ही टोकांना, जिथं तार क्लॅम्पमध्ये शिरते आणि त्यामानानं गार असते, तिथं साचतं. तार तिथंच तुटते. मधोमध लखलखणाऱ्या भागाकडे पाहत बसलेल्या माणसाला क्लॅम्पजवळच्या काळ्या पडलेल्या बोटभर तुकड्याचं भान नसतं. सिलिकॉनवाल्यांनी या टोकांचा नीट अभ्यास केला, टोकं झाकून ठेवण्याच्या तऱ्हा काढल्या, आणि हे सगळं छापलंही. नॅनोट्यूबवाल्यांनी त्यांचा कित्ता गिरवायला हरकत नव्हती.

आमच्याकडे तारेचा हिशेब एकच माणूस ठेवत असे. मामा प्रत्येक रननंतर चेंबरच्या लोखंडी चौकटीवर खडूनं एक रेघ मारत, आणि नवी तार बसवली की जुन्या रेघा पुसून नव्यानं सुरुवात करत. कुठल्या तारेवर किती काम झालं हे विचारायचं तर चौकटीपुढे जाऊन उभं राहायचं. एकदा पाहणीसाठी समिती येणार होती. प्रयोगशाळा चकाचक करण्याचा आदेश निघाला, चौकट पुसली, तिला रंगही लागला. समितीनं प्रयोगशाळेच्या स्वच्छतेचं कौतुक केलं. मामा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी खडू हातात घेतला नाही. आमच्या वह्यांत वायूंचे आकडे होते, दाब होता, वेळ होती. तारेचं वय कुठंच नव्हतं, कारण वहीच्या छापील पानावर तसा रकानाच नव्हता.

एका प्रयोगशाळेत वाढलेल्या नळ्या दुसरीकडे तशाच वाढत नाहीत, ही या क्षेत्रातली जुनी रड आहे. त्याची कारणं अनेक असतील. पण एकाची तार कोरी आणि दुसऱ्याची मुरलेली, एकाची गाभ्यापर्यंत कार्बाइड झालेली आणि दुसऱ्याची नुसती वरून, हे न सांगता दोघांनीही ‘टंगस्टनची तार’ एवढंच लिहिलं, तर तुलना करायची कशाची? तार हीसुद्धा प्रयोगातला एक घटक आहे. वायू किती सोडला हे लिहिता, तसं तार किती वापरलेली होती हेही लिहायला हवं. यासाठी नवं यंत्र लागत नाही की अनुदान लागत नाही. वहीत तीन रकाने पुरे: तार कधी बसवली, किती तास मिथेनमध्ये तापली, आणि ठरलेल्या व्होल्टेजला आज तिच्यातून किती वीज जाते. जे कुणी आज अशा चेंबरपुढे बसून काम करत असतील त्यांनी उद्यापासून हे रकाने आखून घ्यावेत. आणि प्रबंध तपासायला, तोंडी परीक्षा घ्यायला जे जातात, त्यांनी नळ्यांचे फोटो पाहून झाल्यावर विद्यार्थ्याला एवढं जरूर विचारावं, की या नळ्या वाढल्या तेव्हा तुझी तार किती तासांची होती.